करणार तुम्ही, पण डोळा माझा

आमचे घरमालक एखाद्या कामाला माणूस लावत, तेव्हा ते काम स्वतःला निम्म्याहून अधिक समजल्याशिवाय त्या माणसाला हत्यार उचलू देत नसत. सुतार, गवंडी, कल्हईवाला, लग्न लावणारे भटजी, सगळ्यांना एकच न्याय. वाडीतले सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या पत्नीला काकू. मीही तेच म्हणू लागलो.

फणसवाडीत त्यांच्या घरी मी खोली बघायला गेलो, ते अठराशे नव्वदच्या आसपास. राजापूरकडून नुकताच आलेला, कोटातल्या एका कचेरीत कारकुनी करणारा एकटा माणूस होतो मी. दारातून हाक मारली, तर आतून आवाज आला, "इकडे या, मोरीत." गेलो. साठीच्या घरातले एक गृहस्थ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून उकिडवे बसले होते आणि फरशीवर गोटी सोडत होते. शेजारी गवंडी तोंड पाडून उभा. गोटी घरंगळत भिंतीकडे गेली. काकांनी ती उचलून दुसऱ्या जागेवरून सोडली. पुन्हा भिंतीकडेच.

"पाण्यानं जायचं इकडे," त्यांनी कोपऱ्यातल्या भोकाकडे बोट दाखवलं, "आणि हे चाललंय तिकडे. असं का?"

गवंडी म्हणाला, मी वीस वर्षं फरश्या बसवतोय, पाणी आपली वाट आपण काढतं. काकांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी भिंतीपाशी गेलं आणि तिथेच तळं करून थांबलं. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं फरश्या उखडल्या. मला खोली मिळाली, पण ती दाखवायच्या आधी हातभर लांबीला उतार किती ठेवायचा, हे काकांनी मला तिथेच मोरीत उभं करून समजावलं. मी खोली बघायला आलो होतो, याची त्यांना आठवण करून दिली ती काकूंनी.

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. दुसऱ्यानं केलेल्या कामात काय राहून गेलं ते शोधणं, हीच त्यांची नोकरी होती आणि नोकरी सुटली तरी ती नजर सुटली नाही. मात्र ते कुणावर ओरडत नसत, की कुणाला खोटं पाडल्याचा आनंद त्यांना होत नसे. कारागीर कुरकुरला, की ते अगदी मऊपणानं म्हणत, "करणार तुम्हीच. पण घर माझं आहे ना?" आणि मग जमिनीवर मांडी घालून त्याच्यासमोर बसत. साग ओला आहे की वाळलेला ते कसं ओळखायचं? चुना किती दिवस भिजवायचा? कल्हई लावताना नवसागर कशाला? पहिल्या दिवशी कारागीर वैतागे. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच नवीन काहीतरी सांगायला घेई. आमच्या जिन्याचा कठडा करणारा म्हातारा सुतार मला एकदा म्हणाला होता, की चाळीस वर्षांत मला कामाबद्दल कुणी काही विचारलं नाही, फक्त कधी होईल तेवढंच विचारतात.

धाकट्या मुलीच्या लग्नाआधी काकांनी भटजींना बोलावून सगळा विधी अर्थासकट समजून घेतला आणि कागदावर ओळीनं लिहून काढला. लग्नाच्या दिवशी मुहूर्त उरकल्यावर पंगतीला उशीर होत होता. भटजींनी घाईत मधला एक भाग गाळला. काका मांडवात हात जोडून बसलेले, तसेच वाकून हळूच म्हणाले, "ते वधूनं दगडावर पाय ठेवायचं राहिलं." भटजींनी निमूटपणे मागे जाऊन ते केलं. पुढे हेच भटजी आम्हाला सांगत, की या घरी यायचं असलं की मी आदल्या दिवशी पोथी उघडून बसतो.

ते नेहमी बरोबर असत, असं मात्र नाही. एका वैशाखात कौलं परतायला माणसं आली, तेव्हा काका शिडीवरून वर चढले आणि शिकण्यासाठी म्हणून आपल्या झोपायच्या खोलीवरच्या दोन ओळी त्यांनी स्वतः लावल्या. त्या पावसाळ्यात सबंध घरात फक्त तिथेच गळलं. काकूंनी पलंग सरकवला, खाली पातेलं ठेवलं आणि चार महिने त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. काका पातेल्याशेजारी बसून मला समजावत, की वरच्या कौलाची चढण दोन बोटं कमी पडली, म्हणून असं झालं. कारण सापडल्यामुळे ते खूश होते.

मी त्यांच्या अगदी उलट. छत्री दुरुस्तीला टाकली, तरी मी ती उघडूनसुद्धा न बघता घरी आणणारा. एकदा मी त्यांना विचारलं, माणूसही लावायचा आणि वर आपणही शिकायचं, तर माणूस लावायचा कशाला?

"मला रंधा मारता येत नाही आणि या जन्मी येणारही नाही," ते म्हणाले. "पण त्यानं कुठे मारला नाही, ते मला दिसायला हवं."

आणि नेमकं ते दिसणंच त्यांचं कमी होऊ लागलं.

आधी त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. दिव्याची वात खराब आहे, हल्ली छपाईला शाई पातळ वापरतात, अशी कारणं चालली. मग एक दिवस त्यांनी मला वर बोलावून वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचू लागलो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच त्यांनी थांबवलं. "'परीक्षा'तली री कशी छापलीय? पहिली की दुसरी?" मी सांगितलं, पहिली. त्यांनी समाधानानं मान हलवली, "वाटलंच मला." त्यानंतर रोज संध्याकाळी मी वाचत असे आणि ते ऐकून ऐकून छापखान्याच्या चुका काढत. मला त्यात मौज वाटे. पण एकदा जिन्यात ते माझ्याजवळून गेले. मी बोललो नाही, तर त्यांनी ओळखलंच नाही. पुढच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवण्याआधी ती चाचपून बघितली. त्याच कठड्याला धरून, ज्याची एकेक खाच त्यांनी सुताराकडून समजून घेतली होती. मी तिथेच उभा राहिलो. मला पुढे होऊन हात द्यायचं सुचलं नाही, की धीर झाला नाही, ते आता आठवत नाही.

काकू मला म्हणाल्या, "आठ दिवसांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. आमटीत चिंच किती घातलीस, एवढंसुद्धा नाही. मला हे घर ओळखीचं वाटत नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या काळी लोक काळबादेवीच्या बाजूला बसणाऱ्या एका माणसाकडे जात. त्याला सगळे सुईवाला म्हणत. तो डोळ्यात सुई घाली, घटकाभरात काम करी आणि माणूस तिथल्या तिथे बोटं मोजून दाखवी. शेजाऱ्यांनी काकांना आग्रह केला, म्हणून मी त्यांना हाताला धरून घेऊन गेलो. सुईवाला मोठा गोड बोलणारा होता. काकांनी त्याच्यासमोर मांडी घातली आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा जुना आवाज मला ऐकू आला.

"मोती काढल्यावर मला हातात द्याल ना?"

सुईवाला हसला. म्हणाला, मोती हातात कसा देणार, तो खाली बसतो.

"म्हणजे बाहेर येत नाही?"

"नजरेसमोरून बाजूला होतो. तुम्हाला दिसायला लागतं. आणखी काय पाहिजे?"

काकांनी विचारलं, की खाली बसलेला मोती पुन्हा वर आला, किंवा आत सडला, तर काय होतं? सुईवाल्यानं ते खरंखुरं सांगितलं, हे त्याच्या बाजूनं नमूद करायला हवं. तो म्हणाला, काहींचा डोळा टिकतो, काहींचा जातो, ते वरच्याच्या हाती. काका उठले, त्याला नमस्कार केला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "केर काढायच्या ऐवजी सतरंजीखाली सारण्याचा प्रकार आहे हा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डोळ्याचा अभ्यास सुरू केला. नीट न दिसणाऱ्या माणसानं तो कसा करावा? त्यांनी त्यासाठी गुरू शोधली ती आमच्याकडे मासळी घेऊन येणारी वरळीची कोळीण. काकांनी तिच्याकडून घोळीचं मोठं डोकं घेतलं आणि तिलाच ओट्यावर बसवून विचारलं, डोळ्याच्या आत काय काय असतं? ती आधी पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं कोयतीच्या टोकानं डोळा उघडला आणि आतला गोल, काचेसारखा स्वच्छ मणी काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी तो दोन बोटांत धरून फिरवला. मग ती म्हणाली, "शेट, ह्यो कच्चा हाय म्हणून असा. मासली शिजली का ह्योच पांढरा व्हतो. तुमच्या डोल्यातला बी ह्योच. फकस्त तो न शिजताच पांढरा झालाय."

काकांनी तो मणी पुन्हा एकदा बोटांत फिरवला. मग म्हणाले, "इतकं सरळ आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं." त्या दिवशी घोळीची आमटी झाली आणि ताटातला पांढरा मणी त्यांनी बाजूला काढून, धुऊन, कच्च्या मण्याशेजारी ठेवला. काकूंनी ती वाटी दोन दिवस सहन केली आणि मग फेकून दिली.

एवढी तयारी करून आम्ही घोड्यांच्या ट्रामनं परळला गेलो. तिथे एका लहान धर्मादाय इस्पितळात डोळ्यांचं काम करणारा एक तरुण डॉक्टर होता. वैद्यकीच्या शाळेतून बाहेर पडून त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. नीटनेटका, कमी बोलणारा. त्यानं डोळे तपासले, म्हणाला, उजवा डोळा तयार आहे, पुढच्या आठवड्यात मोती काढू. काकांनी प्रश्न सुरू केले. पात्याची लांबी किती? चीर कुठे? बुबुळाच्या काठावर की आत? मोती बाहेर कशानं येतो, ओढून की दाबून? बाहेर तीस माणसं खोळंबली होती. दहाव्या प्रश्नाला डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली.

"काका, शस्त्रक्रिया मी करायची आहे की तुम्ही?"

"करणार तुम्हीच," काका म्हणाले. "पण डोळा माझा आहे ना?"

 डॉक्टरनं कागद ओढून डोळ्याचं चित्र काढलं, काकांपुढे धरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, की या माणसाला हे चित्र दिसणार नाही. तो ओशाळला. तेव्हा काकांनी सुचवलं, की मी उद्या घोळीचं डोकं घेऊन येतो. डॉक्टर म्हणाला, आमच्या गुरुजींनी आम्हाला बकऱ्याच्या डोळ्यावर शिकवलं, मासा मी कधी केला नाही, पण आणा.

दुसऱ्या दिवशी केळीच्या पानात बांधलेलं ते डोकं घेऊन मी ट्राममध्ये बसलो, तेव्हा माझ्या आजूबाजूला पुष्कळ मोकळी जागा झाली. इस्पितळात डॉक्टरनं शेवटचा रोगी गेल्यावर दार लावून घेतलं आणि काकांचं बोट आपल्या हातात धरून त्या डोळ्यावरून फिरवलं. इथे चीर. इथे आत एक पातळ पिशवी असते, ती फोडायची. मग खालून हलकेच दाब, की मोती वर येतो. चीर, पिशवी, दाब. काकांनी तीन वेळा बोटानं गिरवून घेतलं. मग डॉक्टर म्हणाला, औषधाचे थेंब घातले की दुखणार नाही, पण तुम्ही जागे असणार. आणि तेव्हा तुम्ही एक अक्षर बोललात किंवा तसूभर हललात, तर डोळा गेला. काकांनी कबूल केलं. आमच्याबरोबर आलेल्या काकू मागे बसल्या होत्या. त्या डॉक्टरला म्हणाल्या, "बोललेले चालतील का? न हलणं जमेल त्यांना. न बोलण्याचं मी सांगू शकत नाही."

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी आणि काकू बाहेरच्या बाकावर बसलो होतो. काकू जपमाळ घेऊन आल्या होत्या, पण ती त्यांनी मुठीत तशीच धरून ठेवली. आतून काकांचा आवाज येतो का, म्हणून आम्ही दोघंही कान देऊन होतो. येत नव्हता. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "लग्नाला सदतीस वर्षं झाली. इतका वेळ गप्प बसलेले मी त्यांना झोपेतसुद्धा बघितलं नाही." असं म्हणून त्या हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक बाटली होती. तळाशी मसुराहून जरा मोठा, पिवळट मणी. त्यानं ती काकूंच्या हातात दिली आणि म्हणाला, हे त्यांनी आधीच मागून ठेवलं होतं.

आठ दिवस दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून, डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून ते उताणे पडून होते. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरनं तीन बोटं धरली. काका म्हणाले, "तीन. आणि अंगठ्याला शाई लागलीय." पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्याबरोबर त्यांनी जिना चढताना कठडा सोडून दिला, वर गेले आणि गेल्या चार महिन्यांची वर्तमानपत्रं मागितली. ती बाटली येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली जाई. कोळणीनं ती उजेडात धरून बघितली आणि परत देत म्हणाली, "घोलीचा मोटा असतो."

एका संध्याकाळी आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी काकूंनाही सांगितली नव्हती.

"चीर झाली," ते म्हणाले. "मला कळलं. पिशवी फुटली, तेही कळलं. आता दाब यायचा. मी वाट बघत होतो. दाब आलाच नाही. हात लांब गेला. मी मनात म्हटलं, काहीतरी अडलं. एखादा अडाणी माणूस असता तर त्याला काहीच कळलं नसतं, तो सुखानं पडून राहिला असता. मला मात्र सगळं माहीत होतं, आणि इतकं भ्यायलो नव्हतो मी कधी."

"मग काय केलंत?"

"काय करणार? बोलायचं नव्हतं, हलायचं नव्हतं. मी डॉक्टरच्या श्वासाकडे कान लावला. पोरगा काही घाबरलेला नव्हता. उलट श्वास रोखून अगदी शांत उभा होता. तेव्हा म्हटलं, मला जेवढं शिकता येण्यासारखं होतं तेवढं मी शिकलो. इथून पुढे हा आणि याचा हात. मग मी सैल पडलो. थोड्या वेळानं दाब आला."

मी विचारलं, काय अडलं होतं?

"विचारलं नाही."

 ते जरा लाजल्यासारखे झाले. म्हणाले, विचारलं असतं तर त्या मुलाला वाटलं असतं, की मी त्याचा हिशेब मागतोय. त्यानं माझा डोळा मला परत दिला. राहू दे एवढं एक.

दोन-तीन वर्षांनी ठाकुरद्वारच्या नाक्यावर मला तो डॉक्टर अचानक भेटला. काकांची चौकशी त्यानं आपणहून केली. म्हणाला, ते बरे होऊन घरी गेल्यापासून मी प्रत्येक रोग्याला आधी सगळं समजावून सांगतो, वेळ जातो पण माणसं कमी हलतात. मला राहवलं नाही. त्या दिवशी मध्येच हात का थांबला होता, हे मी त्याला विचारून टाकलं.

डॉक्टर आधी गोंधळला, मग त्याला आठवलं आणि तो रस्त्यात मोठ्यानं हसला. "अहो, अडलं काहीच नव्हतं. मला शिंक येत होती."

मी घरी येईपर्यंत ठरवू शकलो नाही, की हे काकांना सांगावं की नाही. आयुष्यात एकदाच त्यांनी एखाद्या माणसावर न विचारता भार टाकला होता आणि तो त्यांनी मनात किती जपून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. त्यावर शिंक काय म्हणून टाकायची? पण काका गॅलरीतच उभे होते. जाड भिंगातून त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, काहीतरी घेऊन आला आहात, सांगून टाका.

मी सांगितलं.

 चष्मा काढून त्यांनी उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, दुखावले. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा मोरीतल्या फरशीवर गोटी सोडणाऱ्या माणसाचा झाला.

"पण दाबली कशी त्यानं?" ते म्हणाले. "हातात पातं, समोर उघडा डोळा, नाकाला हात लावायची सोय नाही. युक्ती असणार काहीतरी. ती विचारलीत की नाही?"

मी विचारली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी काकूंना हाक मारली आणि शेजारच्या आजोबांकडून चिमूटभर तपकीर मागून आणायला सांगितली. त्यानंतरचे आठ दिवस वरच्या मजल्यावरून दर थोड्या वेळानं एक दणदणीत शिंक ऐकू येई आणि तिच्यामागून काकूंचं हसू. नवव्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो असता काका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांचं नाक लालबुंद झालं होतं. त्यांनी मला थांबवलं, जीभ टाळूला घट्ट लावून दाखवली, आणि मग तपकिरीची मोठी चिमूट नाकात कोंबून, डोळे विस्फारून, दोन्ही हात समोर अधांतरी धरून, श्वास रोखून अगदी शांत उभे राहिले.